भाची वनरक्षक होऊ बघतेय : कोकणात आणीबाणीचं आणि गुन्ह्यांचं काम नक्की कसं असतं?

देवरुखचा_मामा

नमस्कार मंडळी. माझ्या बहिणीची मुलगी वनरक्षक भरतीच्या मागे लागलीय. बारावी सायन्स झाली, लेखी चांगली गेलीय, आता पुढचं मैदानी, म्हणजे मुलींना ३ किमी धावणं आणि नंतर ४ तासांत १६ किमी चालणं, त्यासाठी रोज पहाटे सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर जाते. घरात मात्र दोन तट पडलेत. आमची आई म्हणते झाडं लावायची सरकारी नोकरी आहे, चांगलंच आहे की. भावोजी म्हणतात रात्री-अपरात्री बिबट्याच्या मागे पोरीला पाठवायची नाही. आणि पोरगी स्वतः त्या अमेरिकेतल्या नॅशनल पार्कच्या रेंजरचे व्हिडिओ बघते, कमरेला पिस्तूल, दोराने कड्यावरून माणूस उतरवतायत, गाडी अडवून तपासतायत, आणि म्हणते मामा मला हेच करायचंय.

मला खरं चित्र पाहिजे. आपल्याकडे बिबट्या विहिरीत पडला, वणवा लागला, शिकारी सापडला तर वनरक्षकाने नक्की काय करायचं असतं, त्याला अटक वगैरे करता येते का, की पोलिसांना बोलवायचं? आणि मुलीला हे काम झेपतं का असं नाही विचारत, ती करेल, पण तिच्या पाठीशी कोण असतं ते सांगा. ज्यांनी स्वतः केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी लिहा प्लीज.

काजूबाग_लांजा

आमच्या वाडीत दोनदा बघितलंय. फॉरेस्टवाले चार माणसं येतात आणि बघायला चारशे. एवढंच सांगतो, बाकी जाणकार सांगतील.

निवृत्त_वनपाल

मामा, मी राजापूर, लांजा, संगमेश्वर या पट्ट्यात नोकरी केली, वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा करू नका.

पहिलं म्हणजे ते अमेरिकेचे व्हिडिओ. ते खोटे नाहीत पण ती रचना वेगळी आहे. तिकडे पार्क सर्व्हिस १९१६ पासून आहे आणि त्यांच्यात लॉ एन्फोर्समेंट रेंजर ही वेगळी फळीच असते, तिला बंदूक, अटकेचे अधिकार, प्रथमोपचाराचं ट्रेनिंग, हरवलेल्याला शोधणं हे सगळं, आणि पर्यटकांना माहिती सांगणारे रेंजर वेगळे. आपल्याकडे रेंजर म्हणजे आरएफओ, वनपरिक्षेत्र अधिकारी, तो एमपीएससीतून किंवा बढतीने येतो, त्याच्या हाताखाली राउंडला, म्हणजे काही बीट मिळून होणाऱ्या भागाला, वनपाल आणि बीटला, म्हणजे सगळ्यात लहान हद्दीला, वनरक्षक. तुमची भाची बीटवर असणार. रोपवन, गस्त, पंचनामे, गुन्हे, वणवा, बिबट्या, सगळं एकाच माणसाकडे आणि हातात काठी नि टॉर्च.

दुसरं, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फारच थोडं, जवळजवळ सगळी मालकीची जमीन. त्यामुळे इथला बिबट्या राहतो तोच मुळी लोकांच्या काजूत आणि कलमांच्या बागेत. त्यामुळे आणीबाणीही लोकांच्या परड्यातच, म्हणजे घरामागच्या आवारातच उभी राहते, आणि म्हणूनच मी प्रत्येक नवीन पोराला सांगायचो की जनावराआधी माणसं आवरायला शिक.

विहिरीतल्या बिबट्याचं घ्या. आपल्याकडच्या जांभ्यातल्या विहिरी, बऱ्याचशांना कठडा नाही, रात्री कुत्र्यामागे किंवा डुकरामागे धावताना बिबट्या आत जातो. सकाळी पाण्याला गेलेली बाई बघते आणि फोन येतो. तो पोहतो चांगला पण रात्रभर पोहून दमलेला असतो, त्यामुळे पोचल्याबरोबर आधी त्याला टेकायला काहीतरी सोडायचं, फळी, बाज, लाकडाचा ओंडका, दोराने बांधून. हे झालं की अर्धं काम झालं. मग पिंजरा येतो, तो दोरखंडाने उघड्या दाराचा खाली सोडायचा, दाराचा दोर वर धरून ठेवायचा आणि वाट बघायची. तो आपणहून पिंजऱ्यात जातो, त्याला दुसरी कोरडी जागाच नसते, पण वर माणसं ओरडत असली, दगड टाकत असली, मोबाइल काढून काठावर वाकत असली की तो कपारीत तोंड खुपसून बसतो आणि हलत नाही. मी असे प्रसंग बघितलेत जिथे शांत असतं तर तासात उरकलं असतं ते काम संध्याकाळपर्यंत चाललं. आणि काठावरचा एखादा माणूस आत पडला तर? ही भीती मला बिबट्यापेक्षा जास्त असायची. म्हणून पहिला फोन पोलीस पाटलाला आणि सरपंचाला, दुसरा पोलीस स्टेशनला, गर्दी फारच वाढली तर तहसीलदारांकडून जमावबंदी. वर काढल्यावर पशुवैद्यकीय डॉक्टर तपासतात आणि ठणठणीत असेल तर जवळच्याच योग्य जंगलात सोडतात. लोक म्हणतात लांब नेऊन सोडा, पण लांब सोडलेला बिबट्या परत फिरतो किंवा अनोळखी जागी जास्त त्रास देतो, केंद्राच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे.

फासकी, म्हणजे तारेचा फास, त्याहून वाईट. डुकरासाठी गाडीच्या ब्रेकची किंवा क्लचची वायर लावतात आणि त्यात बिबट्या कमरेत अडकतो. विहिरीतला बिबट्या कोंडलेला तरी असतो, फासकीतला कधी वायर तोडेल सांगता येत नाही, आणि तो जेवढा झटके देतो तेवढी वायर आत जाते. तिथे गुंगीचं इंजेक्शन लागतं, ते डॉक्टरच देणार आणि त्याला वरिष्ठांची परवानगी लागते. बिबट्याला पकडायची परवानगी कायद्याने मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, म्हणजे नागपूरला. फोनाफोनी होते, मिळते, पण डॉक्टर येईपर्यंतचा तो वेळ बीटवरच्या माणसाने काढायचा असतो. चाळीस पावलांवर लोकांना रोखून, काही ठिकाणी ताडपत्री धरून, त्याला माणूस दिसणार नाही असं करून. कधी कधी सुटतो, कधी पोटातली जखम एवढी असते की दोन दिवसांनी मरतो. हे पोरीला आधीच सांगून ठेवा, कारण पहिलं जनावर डोळ्यांसमोर गेलं की झोप लागत नाही.

वणव्याचं थोडक्यात. फेब्रुवारी ते मे. तरव्याची भाजावळ, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा जाळणं, करताना वारा उठतो आणि सड्यावरचं गवत पेटतं, तिथून कलमं, काजू. आता डेहराडूनच्या संस्थेकडून उपग्रहाचा अलर्ट मोबाइलवर येतो, ब्लोअर आलेत, तरी शेवटी ओल्या डहाळ्यांनी झोडपूनच विझवतात. जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून साफ केलेला पट्टा, आधी नीट काढलेली असली तर निम्मी लढाई जिंकलेली.

आणि तिला खरंच राष्ट्रीय उद्यानातलं काम बघायचं असेल तर तुमच्या उशालाच आहे की. शृंगारपूरच्या वर प्रचितगड, तिथून पलीकडे चांदोली. २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. तो वन्यजीव विभाग, तिथली गस्त पायी, दिवस दिवस माणूस दिसत नाही, कॅमेरा ट्रॅप, पाणवठे, आणि विनापरवाना वर चढणारे ट्रेकर. पावसात वाट चुकलेले ट्रेकर शोधायलाही तेच जातात. इकडे कर्नाळ्याला सुळक्यावर आग्या मोहोळं आहेत, माशा उठल्या की तिथे धावणारेही फॉरेस्टवाले आणि आजूबाजूची रेस्क्यूची पोरं.

वकील_चिपळूण

काकांनी छान लिहिलंय. मी कायद्याच्या बाजूचं लिहितो कारण मामांचा प्रश्न थेट आहे, अटक करता येते का. येते.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ५०. वाजवी कारण असेल तर झडती, जप्ती, आणि आरोपी पुढे हजर राहील याची खात्री नसेल तर वॉरंटशिवाय अटक. आणि हा अधिकार कोणाला, तर कुठल्याही वन अधिकाऱ्याला, त्यात वनरक्षकही आला. पोलिसांत मात्र तोच अधिकार फौजदाराच्या, म्हणजे पीएसआयच्या खाली नाही. बऱ्याच वनरक्षकांनाच हे माहीत नसतं, समोरचा जरा मोठ्या आवाजात बोलला की ते मागे सरतात, म्हणून तुमच्या भाचीला हे कलम पाठ करून घ्यायला सांगा. अटक केली की २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर, मग वनकोठडी मागता येते. झाडांच्या गुन्ह्याला भारतीय वन अधिनियम १९२७, तिथेही वॉरंटशिवाय अटकेची तरतूद आहे आणि माल नेणारी गाडीसुद्धा सरकारजमा होऊ शकते. मालकीच्या जमिनीतला खैर तोडायलाही परवानगी लागते, १९६४ चा वेगळा कायदा आहे त्याला. आमच्या भागात खैराचे गुन्हे भरपूर, कातासाठी.

आता काकांच्या फासकीकडे येतो. लोक म्हणतात आम्ही डुकरासाठी लावली होती, बिबट्या चुकून आला. कायद्यात शिकार या शब्दात सापळा लावणं, फास लावणं आणि तसा प्रयत्न करणं हे सगळं येतं. म्हणजे वायर बांधली तिथेच गुन्हा झाला, जनावर अडको न अडको. शेतीची नासधूस करणाऱ्या डुकरासाठी रीतसर अर्ज करून परवानगी मागायची सोय आहे, ती सोडून वायर लावायची नाही. बिबट्या, खवले मांजर हे अनुसूची एकमध्ये, म्हणजे कायद्यातल्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. त्यांच्या शिकारीला किंवा अभयारण्य, राष्ट्रीय उद्यानातल्या शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आणि १ एप्रिल २०२३ पासून दंड कमीत कमी २५ हजार.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. एवढे अधिकार असूनही आरोपी सुटतात आणि ते जंगलात सुटत नाहीत, कागदावर सुटतात. पंचनाम्यात वेळ एक, जप्तीच्या पावतीवर वेळ दुसरी. पंच त्याच वाडीतले, आरोपीचे भाऊबंद, कोर्टात उभे राहिले की म्हणतात साहेबांनी कोऱ्या कागदावर सही घेतली. मांसाचा नमुना घेतला पण सील नीट नाही, कोणाच्या ताब्यात किती दिवस होता त्याची नोंद नाही, मग प्रयोगशाळेचा रिपोर्ट कितीही चांगला येऊ दे, उपयोग शून्य. एसीएफ, म्हणजे सहायक वनसंरक्षक, आणि त्यावरच्या अधिकाऱ्याला कलम ५० खाली आरोपीच्या समक्ष पुरावा नोंदवून घेता येतो आणि तो पुढे कोर्टात चालतो, ही केवढी मोठी सोय आहे, पण ती वेळेत वापरली गेली पाहिजे. शिवाय हा खटला पोलिसांच्या चार्जशीटवर उभा राहत नाही, कलम ५५ प्रमाणे अधिकृत वन अधिकाऱ्याची तक्रार लागते. पोलिसांनी सापळा लावून व्हेलची उलटी, म्हणजे अंबरग्रीस पकडली, पेपरात फोटो आला, तरी पुढची तक्रार वनविभागालाच नीट दाखल करावी लागते.

उलटीचं निघालंच आहे तर सांगून टाकतो, किनाऱ्यावर मेणासारखा गोळा सापडला आणि कोणी म्हणालं कोटीची वस्तू आहे तर घरी नेऊ नका. जवळ बाळगणं, विकणं दोन्ही गुन्हा, आणि ताब्यात सापडली की ती कायदेशीर आहे हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते. चांगली कमावती पोरं यात अडकलेली बघतो मी, फार वाईट वाटतं.

दांडी_मालवण

आमच्याकडे समुद्राचं बोला ना कोणीतरी. मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, २९.१२ चौरस किमी, त्यातला ३.१८ चा गाभा, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्यातच. इथली वनविभागाची माणसं बोटीने फिरतात. पाण्यात बीटची हद्द दिसत नाही, वारा फिरला की अर्धी गस्त बोट सांभाळण्यात जाते. त्यात लोकांना कळत नाही की कुठली गोष्ट कोणाकडे. एलईडी लावून मासेमारी, पर्ससीन जाळी, हे मत्स्य विभागाचं. बोट बुडतेय तर कोस्ट गार्ड १५५४, किनाऱ्यावर संशयास्पद काही दिसलं तर सागरी पोलीस १०९३. कासव, डॉल्फिन, व्हेल, कांदळवन हे वनविभाग आणि कांदळवन कक्ष. आम्ही रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे लोक, हे नंबर फोनमध्ये ठेवून असतो.

पावसाळ्यात कासवं लागतात किनाऱ्याला, तुटक्या जाळ्यात पाय गुंतलेली, कधी पायच गेलेला. पर्यटक काय करतात तर उचलून परत पाण्यात टाकतात आणि टाळ्या वाजवतात. करू नका हो असं. ते दमलेलं असतं म्हणूनच बाहेर आलेलं असतं, परत टाकलं की बुडतं. सावलीत ठेवा, ओलं फडकं पाठीवर, आणि फोन करा. डॉल्फिन जिवंत लागला तर डोक्यावरच्या भोकात पाणी किंवा वाळू जाता कामा नये, तो तिथूनच श्वास घेतो. शेपटीला धरून ओढायचं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू लागलं होतं, आठवत असेल, वनविभाग, पोलीस, कोस्ट गार्ड, गावकरी सगळे रात्रंदिवस पाण्यात उभे, ओली फडकी घालत, ओढून खोल पाण्यात नेण्याचे प्रयत्न केले, आणि तरी ते नाही वाचलं. तिथे उभा असलेला माझा मित्र अजून त्याबद्दल बोलताना गप्प होतो. पण लोकांनी त्या दिवशी शिस्त पाळली म्हणून एवढे प्रयत्न तरी करता आले.

अजून एक महत्त्वाचं, मच्छीमाराच्या जाळ्यात संरक्षित प्राणी आला आणि त्याने जाळं कापून सोडला तर सरकार नुकसानभरपाई देतं, २५ हजारांपर्यंत, फोटो-व्हिडिओ काढून अर्ज करायचा. ही योजना आल्यापासून आमच्यातले लोक स्वतःहून सोडतात. गुन्हा दाखल करण्यापेक्षा याने जास्त कासवं वाचली असं माझं मत आहे. तुमच्या भाचीची पोस्टिंग किनाऱ्याला झाली तर तिला म्हणावं आधी रापणीवर ये, ओळख कर, मग बाकीचं.

गार्डची_बायको

मामा, मी घरातली बाजू सांगते. माझे मिस्टर वनरक्षक. रात्री दोनला फोन वाजला की मी आधी चहा ठेवते, मग विचारते कुठे. भीती बिबट्याची नाही वाटत हो, इतक्या वर्षांत कळलंय की तो माणसाला टाळतो. भीती वाटते ती रात्री बंदूक घेऊन फिरणाऱ्या माणसांची, कारण ते अंधारात डोळे चमकले की गोळी घालतात, समोर डुक्कर आहे की गस्तीवरचा माणूस हे बघत नाहीत. आणि दुसरी भीती, पकडलेला माणूस आपल्याच तालुक्यातला असतो, उद्या बाजारात भेटतो, मुलांच्या शाळेत त्याची मुलं. एकदा घरापर्यंत निरोप आला होता, केस मागे घ्या म्हणून. मिस्टरांनी त्याच दिवशी लेखी कळवलं वरती आणि पोलीस स्टेशनलाही, मग थांबलं. तोंडी नाही ठेवायचं काहीच, हे भाचीला नक्की सांगा.

मुलींचं म्हणाल तर आता ३० टक्के जागा महिलांना आहेत आणि पुष्कळ मुली बीट सांभाळतात. आमच्या रेंजमध्ये एक आहे, वाडीतल्या बायका तिच्याशी जे बोलतात ते मिस्टरांशी कधीच बोलल्या नसत्या, कुठल्या घरात रात्री शिकारीचं मटण शिजलं, कोणाच्या परड्यात वायर आहे. रात्रीच्या गस्तीला एकटीला पाठवू नये, दोघं-तिघं पाहिजेत, आणि हे मागायला तिने लाजू नये. चांगले गमबूट, चांगला टॉर्च आणि प्रथमोपचाराची पिशवी स्वतःची ठेवावी. सापाचं ट्रेनिंग मिळेल तेवढं घ्यावं, घोणस आणि फुरसं कोकणात पायाखालीच असतात. चावलं तर बांधायचं नाही, कापायचं नाही, हालचाल कमी करून थेट सरकारी दवाखाना, १०८ ला फोन.

देवरुखचा_मामा

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला आणि भावोजींना दोघांनाही समोर बसवून वाचून दाखवलं. भावोजी वहिनींचं लिहिलेलं ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की लेखी कळवायचं ते पटलं. भाची म्हणते पिस्तूल नको, कलम ५० पाठ करते. एकच राहिलं. गावात जनावर अडकलं आणि फॉरेस्टची गाडी यायला तासभर आहे, तर तेवढ्या वेळात आम्ही गाववाल्यांनी काय करायचं? आमची वाडी रस्त्यापासून आत आहे, पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून जावं लागतं.

निवृत्त_वनपाल

पहिलं १९२६ ला फोन, वनविभागाचा टोल फ्री आहे, आणि बीटच्या वनरक्षकाचा नंबर ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लिहून घ्या आजच. फोनवर जनावर कुठे आहे, विहिरीत की फासकीत, विहिरीत पाणी किती, गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून पिंजरा खांद्यावर किती न्यावा लागेल हे नीट सांगा. पाखाडी असेल तर पिंजरा वाहायला आठ-दहा धडधाकट माणसं आणि दोन बांबू आधी तयार ठेवा, आमचा निम्मा वेळ तिथेच जातो. कुत्री बांधा, पोरांना घरात घ्या, एकाच माणसाला विहिरीजवळ ठेवा आणि त्यानेही काठावर उभं राहायचं नाही. पाणी खोल असेल आणि जनावर बुडतंय असं दिसलं तर दोराला फळी बांधून हळूच सोडा, दोराचं टोक लांबच्या झाडाला, स्वतःच्या हाताला गुंडाळायचं नाही. फासकीत असेल तर काहीच करू नका, अजिबात जवळ जाऊ नका, फक्त लोकांना त्याच्या नजरेआड ठेवा. वायर कोणी काढून फेकायची नाही, तो पुरावा आहे, वकीलसाहेब सांगतील. आणि गोठ्यातली गाय-शेळी मारली असेल तर पंचनामा होईपर्यंत तिला हलवू नका, नुकसानभरपाई त्यावरच ठरते.

भाचीच्या चालण्याच्या परीक्षेची तारीख लागली की इथे टाका. नवीन बूट घालून १६ किमी जाऊ नको म्हणावं तिला, आत्तापासून तेच बूट घालून सड्यावर चालू दे.